सुटी सिगारेट, शंभर यार्ड आणि अठरा वर्षं : ठाणे-नवी मुंबईत तंबाखूचा कायदा मुलांपर्यंत का पोचत नाही?

खाडीकाठ (धागाकर्ता)

क्लास सुटायच्या वेळी नौपाड्यात किंवा नेरूळच्या कॉलेज रस्त्यावर दहा मिनिटं टपरीकडे नीट बघा. पाकीट विकत घेणारा मुलगा क्वचितच दिसेल. हात पुढे येतो, क्यूआरवर पैसे जातात, टपरीवाला उघड्या पाकिटातून एक कांडी सरकवतो आणि ती खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरवर पेटते. चहाचा कटिंग घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

धाग्याचा विषय हा व्यवहार आहे. तंबाखू नियंत्रणाची आपली बहुतेक धोरणं पाकिटावर बेतलेली आहेत. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापला जातो. किंमतही पाकिटावरच छापलेली. सुटी कांडी घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला यातलं काही दिसत नाही, कारण पाकीट टपरीवाल्याच्या गादीखाली असतं.

धोरणं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाहीये. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण २००९ मध्ये १४.६ टक्के होतं, २०१९ मध्ये ते ८.५ टक्क्यांवर आलं. ही घट मोठी आहे. पण त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी पहिली सिगारेट दहावा वाढदिवस व्हायच्या आत ओढली होती. दहा वर्षांचं मूल पाकीट घेत नसतं.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. माझ्या मते तरुणांच्या बाबतीत राज्याकडे असलेलं सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे आणि सगळ्यात कमी वापरलं जातं तेही हेच. जाणकारांनी तपशीलवार लिहावं. "संस्कार कमी पडतात" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

करगणित

सुटीचा मुद्दा किमतीच्या अंगाने मांडतो.

किंमत वाढली की सगळ्यात आधी हात आखडतो तो खिशात कमी पैसे असणाऱ्याचा, म्हणजे विद्यार्थ्याचा. आपल्यासारख्या मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली तर एकूण खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा आहे. तरुणांमधली घट यापेक्षा जास्त धरतात.

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याशिवाय उत्पादन शुल्क लागतं ते कांडीच्या लांबीनुसार, हजार कांड्यांमागे २,०५० ते ८,५०० रुपये. कांडीमागे हिशेब केला तर सुमारे दोन रुपयांपासून साडेआठ रुपयांपर्यंत. आता लांबीच्या पायऱ्यांचा परिणाम बघा. ६५ मिमीच्या आतल्या फिल्टरवाल्या कांडीला शुल्क बरंच कमी, म्हणून कंपन्या ६४ मिमीच्या छोट्या कांड्या बाजारात आणतात. नवख्या मुलाच्या हातात बहुधा हीच येते, कारण टपरीवर सगळ्यात स्वस्त फिल्टरवाली तीच असते.

दुसरी फट बिडीची. सिगारेट ४० टक्क्यांच्या गटात गेली आणि बिडी २८ वरून १८ वर उतरली. दोघींच्या किमतीतलं अंतर वाढलं की काही मुलं ओढणं थांबवत नाहीत, उतरून बिडीवर जातात. कराचं धोरण ठरवताना दोन्हींचे दर एकत्र न पाहण्याची ही किंमत आहे.

आता सुटीचा हिशेब. समजा दहाचं पाकीट २०० रुपयांना आहे आणि सुटी कांडी २० ला. सुटी खरोखर बंद झाली तर पहिल्या सिगारेटचा खर्च २० वरून थेट २०० वर जातो, दसपट. कोणताही अर्थमंत्री एका अर्थसंकल्पात दसपट कर लावू शकत नाही. सुटीबंदी ते एका परिपत्रकात करते, तेही फक्त नवख्या गिऱ्हाइकापुरतं. रोज पाकीट घेणाऱ्याच्या खर्चात तिने काहीच फरक पडत नाही. म्हणून मी तिला तरुणांवरचा सगळ्यात नेमका कर म्हणतो.

कोपरीकर

करगणित, दहाचं पाकीट चौघांनी वर्गणी काढून घेतलं तर? पन्नास-पन्नास रुपये.

करगणित

काही जण घेतीलच. पण मग पाकीट कुणाच्या तरी दप्तरात ठेवावं लागतं, घरी न्यावं लागतं, वास येतो, सापडतं. सुटीचा मोठा फायदा हा आहे की पुरावा उरत नाही. शिवाय पाकीट हातात आलं म्हणजे चित्र आणि क्रमांक दिसला. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात पाकिटात किमान २० कांड्या सक्तीच्या केल्या त्या याच विचाराने. भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कराराच्या सोळाव्या कलमातही सुट्या आणि छोट्या पाकिटांतल्या विक्रीला आळा घाला असंच लिहिलंय.

कलम_वाचक

सुटीबंदी अंमलात का येत नाही, ते कलमांच्या भाषेत सांगतो. घोळ तिथेच आहे.

२००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात "सुटी विकू नका" असं सरळ वाक्य नाही. राज्याने आधार घेतला तो कलम ७ चा : इशारा छापलेलं वेष्टन नसेल तर तंबाखूजन्य माल विकता येत नाही. सुट्या कांडीवर इशारा नसतो, म्हणून तिची विक्री कलम ७ चा भंग. त्याची शिक्षा कलम २० मध्ये आहे. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३,००० पर्यंत दंड.

अठरा वर्षांखालच्याला विक्री (६ अ) आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्री (६ ब) यांची शिक्षा मात्र कलम २४ मध्ये, फक्त २०० रुपयांपर्यंत दंड, आणि तो जागेवर तडजोडीने भरता येतो. कलम २० मध्ये अशी जागेवरची तडजोड नाही, प्रकरण कोर्टात न्यावं लागतं.

पथक टपरीवर जातं तेव्हा हातात पावतीपुस्तक असतं २०० वालं. समोर उघडं पाकीट, त्यात सात कांड्या उरलेल्या, बाजूला लायटर. सुट्या विक्रीचा याहून चांगला पुरावा काय असणार? तरी पावती फाटते ती "अठराखालच्याला विक्री नाही" हा फलक नसल्याची किंवा शंभर यार्डांची. कलम २० लावायचं तर पंचनामा, जप्ती, साक्षीदार, पुढच्या तारखा. एका दुपारी पंधरा टपऱ्या करायच्या असतील तर अधिकारी सोपा रस्ता धरतो. टपरीवाल्याच्या दृष्टीने २०० रुपये म्हणजे जागेच्या भाड्यासारखा एक खर्च, तो भरून तासाभरात गादी पुन्हा सुरू.

मुलांच्या संदर्भात याहून कडक एक कलम आहे आणि ते फारच कमी वापरलं जातं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणं किंवा द्यायला लावणं : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखू कायद्यात २०० रुपये आणि इथे सात वर्षं, कृत्य एकच. तक्रारीत दोन्ही कायद्यांचा उल्लेख असावा, नाहीतर पोलीस ठाण्यात सहसा हलकंच कलम लागतं.

आणखी एक, कारण पालक नेहमी घाबरून विचारतात : सिगारेट विकत घेतल्याबद्दल मुलाला या कायद्यात शिक्षा नाही. गिऱ्हाईक अल्पवयीन नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. शंका आली तर वयाचा पुरावा तो मागू शकतो. "मोठा दिसत होता हो" ही सबब त्याला उपयोगी पडत नाही.

सेक्टर_नऊ

६ ब बद्दल लिहितो, कारण मोजणीत सगळ्यात जास्त चुका होतात.

१०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मोजायचं संस्थेच्या आवाराच्या बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून, आणि त्रिज्येने, म्हणजे हवेतून सरळ रेषेत. नेहमीच्या चुका :

गेटपासून मोजतात. शाळेचं मैदान मागच्या बाजूला असलं तर मागच्या भिंतीबाहेरची टपरी गेटपासून दीडशे मीटरवर येते आणि सुटते. खरं तर ती भिंतीपासून पाच मीटरवर असते.

चालत मोजतात. मध्ये नाला, रेल्वेची भिंत किंवा होल्डिंग पाँड (पाणी साठवायचा मोठा तलाव) असेल तर चालत तीनशे मीटर पडतात, सरळ रेषेत साठ. कायद्याला सरळ रेषा हवी.

फोनच्या नकाशावर भरवसा ठेवून सीमारेषेवरची टपरी ठरवतात. नकाशातलं "अंतर मोजा" प्राथमिक पाहणीला उत्तम : उपग्रह चित्र लावा, भिंतीच्या टपरीजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरा, दुसरं टोक टपरीवर न्या. उत्तर ७५ च्या आत किंवा ११० च्या पुढे असेल तर विषय संपला. त्याच्या मधे आलं तर टेप लागतो. ३० मीटरचा फायबर टेप तीन वेळा आणि वर १ मीटर ४४ सेंमी. दोन माणसं, एक खडू, दर ३० मीटरवर खूण. टेप झोळ खाऊ द्यायचा नाही.

शंभर यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेषा शाळेभोवती गोल मारायची नसते, ती मारता येतही नाही. ९१.४४ मीटरचं वर्तुळ ज्या ज्या रस्त्याला छेदतं त्या जागी रस्त्यावर आडवा पट्टा आणि "तंबाखूमुक्त क्षेत्र" अशी अक्षरं. रस्ता महापालिकेचा असल्याने विभाग कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या. साधा ऑइलपेंट आपल्या पावसात एक हंगाम टिकत नाही. झेब्रा पट्ट्यांना वापरतात तो गरम करून लावायचा थर्मोप्लास्टिक रंग मागा आणि काम पावसाळ्यानंतर, रस्ता पूर्ण कोरडा झाल्यावर करून घ्या. ओलसर डांबरावर तो पापुद्र्यासारखा निघतो.

"आमची टपरी शाळेच्या आधीपासून आहे" असा युक्तिवाद हमखास येतो. जुन्या दुकानांना कायद्यात सूट नाही.

विनया_मा

सेक्टर_नऊ, छान सविस्तर. पण क्लासेसचं काय? आमच्याकडे रामबाग-नौपाड्यात आणि तिकडे वाशीला संध्याकाळी शाळांपेक्षा जास्त मुलं क्लासच्या इमारतींखाली असतात.

कलम_वाचक

विनयाताई, मोठी फट तीच आहे. नियमांतली व्याख्या योग्य प्राधिकरणाने स्थापन केलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संस्थांची आहे. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, पदवी महाविद्यालय, आयटीआय हे सगळे येतात. खाजगी क्लासला तशी मान्यता नसते, म्हणून त्याच्याभोवती शंभर यार्ड आखता येत नाहीत.

इथे तीन वाटा उरतात. एक, ६ अ अंतराशी बांधलेलं नाही. अठराखालच्याला विक्री क्लासखालीही गुन्हाच. दोन, सुटीबंदीही सगळीकडे लागू आहे. तीन, नौपाड्यासारख्या दाट भागात शाळांची वर्तुळं एकमेकांत इतकी शिरतात की क्लासची इमारत बहुतेक वेळा कुठल्या तरी शाळेच्या वर्तुळात सापडतेच. नकाशावर प्रभागातल्या सगळ्या शाळांची वर्तुळं एकदा काढून बघा. क्लास स्वतः संस्था ठरत नाही, पण शेजारच्या बालवाडी-प्राथमिकमुळे टपरी अडकते.

टपरी_आणि_पोट

सगळं वाचतोय. एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. पाकिटावर टपरीवाल्याला सुटतं फार थोडं, सुटीवर कांडीमागे रुपया-दीड रुपया जास्त मिळतो. सुटी बंद म्हणजे त्याच्या रोजच्या कमाईचा मोठा हिस्सा गेला. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेला माणूस, जागा दुसऱ्याची, भाडं रोजचं. त्याच्यावर सात वर्षांचं कलम लावा म्हणणं मला पटत नाही.

खाडीकाठ

टपरी_आणि_पोट, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. कलम ७७ माझ्या मते वारंवार, समज देऊनही गणवेशातल्या मुलांना विकणाऱ्यासाठीच असावं. पण "पोटाचा प्रश्न" म्हणून सुटी चालू ठेवायची म्हटलं, तर त्याच्या रोजीचा भार बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसांवर टाकल्यासारखं होतं. हे मला मान्य नाही.

वाट परवान्याची आहे. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की तंबाखू विकणाऱ्यांना महापालिकेमार्फत स्वतंत्र परवाना द्यावा आणि त्या दुकानात बिस्किटं, चिप्स, चॉकलेट, शीतपेयं असा मुलांना खेचणारा माल नसावा. या सूचनेमागचा विचार सोपा आहे : गोळी-चॉकलेट घ्यायला आलेलं मूल सिगारेटच्या रॅकसमोर उभं राहू नये. टपरीवाल्याला यातून निवड करता येते. शाळेजवळचा तंबाखू सोडून चहा-बिस्किटावर जाईल, किंवा तंबाखूच ठेवायचा असेल तर वर्तुळाबाहेर. आणि वरच्या हप्त्यांपासून सुटका होईल, हा त्याचाही फायदा.

सेक्टर_नऊ

+१. त्याला जोडून दर्शनी भागाचं बघा. विक्रीच्या जागी जाहिरातीचे जास्तीत जास्त दोन फलक चालतात, ६० × ४५ सेंमी. वरच्या २० × १५ सेंमी भागात इशारा, खाली फक्त मालाचा प्रकार. ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र, आतून दिवा यातलं काही चालत नाही. टपऱ्यांचे ब्रँडच्या रंगातले चमकते दर्शनी फलक बहुतेक ठिकाणी कंपनीचा माणूस फुकट लावून देतो. ते उतरवले की टपरी मुलांच्या नजरेतून निम्मी नाहीशी होते. कलम ५ चा भंग, शिक्षा कलम २२ मध्ये, आणि तिथे कंपनीलाही धरता येतं. हे कलम गरीब विक्रेत्यापेक्षा वर पोचतं, म्हणून मला महत्त्वाचं वाटतं.

विक्रेत्याने लावायचा "१८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री दंडनीय" हा फलक ६० × ३० सेंमीचा, मराठीतून.

ऐरोली_दंतचिकित्सा

धागा सिगारेटवर आहे, पण महाराष्ट्रात फक्त धुरावर नजर ठेवली तर फसगत होईल. २०१६-१७ च्या प्रौढ सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि चघळण्याचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, अन्न सुरक्षा कायद्याखाली, दरवर्षी नव्याने आदेश काढून. त्यावरची पळवाट म्हणजे जुळी पुडी : पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, टपरीवर दोन्ही एका हातात. म्हणून सिगारेटवर कडक कारवाई झाली की त्या भागात पुड्यांचा कचरा वाढतो का, हेही शाळेने मोजायला हवं. सोपी रीत : आठवड्यातून एकदा भिंतीलगतची थोटकं, पुड्या आणि फाटलेली पाकिटं वेगळी मोजून नोंदवहीत लिहायची. तीन महिन्यांत कल समजतो. थोटकं कमी झाली आणि पुड्या वाढल्या, तर समजावं की व्यसन फक्त खिसा बदलून बसलंय.

पालकांसाठी : तोंड पूर्ण न उघडणं (स्वतःची तीन बोटं उभी आत जात नाहीत), तिखट लागल्यावर जळजळ, गालाच्या आत पांढरट पट्टे. हे दिसलं तर वाट न पाहता दातांच्या डॉक्टरकडे न्या.

विनया_मा

आणि ते पेनासारखं निघालंय ते? व्हेप. शाळेत सापडलं तर काय करायचं हेच शिक्षकांना कळत नाही.

कलम_वाचक

ई-सिगारेटवर देशात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशापासून पूर्ण बंदी आहे, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात : पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवणं : सहा महिन्यांपर्यंत किंवा ५० हजारांपर्यंत. वापरणाऱ्या मुलासाठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही.

ओळखायचं कसं : हायलायटर किंवा पेनड्राइव्हच्या आकाराची रंगीत प्लास्टिकची नळी, एका टोकाला ओठात धरायचं चपटं तोंड, कधी खाली चार्जिंगचं भोक. धुराचा वास नसतो, आंबा-पुदिना-बबलगमसारखा गोडसर वास स्वच्छतागृहात रेंगाळतो. शाळेने वस्तू कपाटात साठवू नये. मुलाचं नाव न लिहिता तारीख, वेळ, वस्तूचं वर्णन नोंदवून, पाकिटात बंद करून उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्यावी आणि ती कुठून आली हे मुलाशी धाक न दाखवता बोलून काढावं. मेसेजिंग ॲपवरचा विक्रेता हाच खरा धागा असतो.

बंदीची मर्यादाही मान्य करायला हवी. चोरट्या मालाला वय विचारणारा कुणीच नसतो, निकोटीन किती तेही लिहिलेलं खरं असेलच असं नाही. तरी उघड दुकानात, फळांच्या वासासकट, कायदेशीर मांडणी झाली असती तर काय झालं असतं याची कल्पना करा. बंदी ठीकच आहे, तपासणी पार्सलच्या टप्प्यावर हवी.

साध्या सिगारेटच्या वासांवर मात्र आपल्याकडे बंदी नाही. फिल्टरमधली गोळी दाबली की पुदिन्याचा गारवा येतो, त्या कांड्या नवख्याचा पहिला ठसका झाकतात. युरोपीय संघात मेन्थॉल मे २०२० पासून बंद आहे.

कोपरीकर

हुक्का पार्लर?

कलम_वाचक

मुंबईत कमला मिलमधल्या पबना डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर राज्याने २०१८ मध्ये केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून बंद केली. एक ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते एक लाख दंड. पळवाट "हर्बल"ची, म्हणजे हुक्क्यात तंबाखू नाहीच असा दावा. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय तंबाखू होता हे सिद्ध होत नाही, म्हणून धाडीत नमुना सीलबंद घेणं महत्त्वाचं.

ऐरोली_दंतचिकित्सा

सापडलेल्या मुलाचं पुढे काय, हे कुणी विचारलं नाही. शाळेतून काढून टाकलं की मुलगा दिवसभर टपरीपाशीच असतो, म्हणून ते करू नका. तो दिवसाला एक-दोन ओढत असेल तर बहुतेकदा औषधाशिवाय सुटतं. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पुढे ढकलणं, पाणी पिणं, जागा बदलणं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सगळ्यात जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरते. घरच्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं, नाहीतर तिसऱ्या दिवशीच्या भांडणात सगळं वाया जातं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढावीशी वाटत असेल तर अवलंबित्व जास्त, डॉक्टर हवाच. निकोटीनची च्युइंगगम अठराखालच्या मुलाला स्वतःहून देऊ नका. १८००-११-२३५६ च्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक मुंबईत टाटा मेमोरियलला आहे. फोन मुलाने स्वतः करावा, आईवडिलांनी शेजारी बसून नव्हे.

खाडीकाठ

आता तक्रारीचं नीट लिहून टाकतो, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेशात विचारलंय.

फोटो : टपरी, मागे शाळेची भिंत किंवा पाटी, उघडं पाकीट आणि लायटर, फलक नसलेला दर्शनी भाग. मुलांचे चेहरे अजिबात नकोत, गणवेशाचा बिल्लाही झाका. मूल पाठवून "खरेदी करून दाखव" असा सापळा कुणी लावू नये, ते चूक आहेच आणि तक्रार त्यातच अडकते. सोबत नकाशावरच्या अंतराचं चित्र, तारीख, वेळ.

कुठे द्यायची : ठाण्यात प्रभाग समिती, नवी मुंबईत विभाग कार्यालय, दोन्हीकडे स्थानिक पोलीस ठाणं, आणि प्रत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. टपरी पदपथावर असेल तर अतिक्रमण विभागाला वेगळा अर्ज. एकाच अर्जात दोन्ही घातलं की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. जागा एमआयडीसीची आहे की सिडकोची की पालिकेची हे आधी बघा. महापे-रबाळे पट्ट्यात अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण हेच.

मुख्याध्यापकांनीही हात झटकू नयेत. शाळेच्या आवारातल्या धूम्रपानाचा दंड करायचा अधिकार नियमांनी त्यांना दिला आहे.

माहिती अधिकार : महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न असा लिहा : "मागील आर्थिक वर्षात २००३ च्या तंबाखू कायद्याच्या कलम ४, ५, ६ अ, ६ ब आणि ७ खाली केलेल्या कारवायांची संख्या कलमनिहाय व महिनावार द्यावी." कलमनिहाय हा शब्द विसरू नका. नुसती "एकूण कारवाई" मागितली तर सगळा आकडा सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्यांच्या २०० च्या पावत्यांचा येतो आणि काम झाल्यासारखं दिसतं. कलम ७ च्या रकान्यात काय आहे, यावरून सुटीबंदी आपल्या शहरात जिवंत आहे का ते कळेल.

कोपरीकर

खारघरसाठीही हेच? तिथे कॉलेजं एका रांगेत आहेत.

सेक्टर_नऊ

नाही, खारघर-पनवेलला पत्ता बदलतो. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचेच, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. त्यामुळे जिल्हा कक्षाची प्रत अलिबागला जाते, ठाण्याला नाही. कॉलेजं रांगेत असली की वर्तुळं एकमेकांना जोडून लांब पट्टा तयार होतो. प्रत्येक कॉलेजच्या नावाने वेगळा अर्ज न करता पट्ट्याचा एकच नकाशा जोडा, वर्तुळांना क्रमांक द्या आणि टपऱ्यांना अ, ब, क. दोन वर्तुळांच्या मधे वीस-पंचवीस मीटरची मोकळी फट राहिली असेल तर ती नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा. हटवलेली टपरी दुसऱ्या दिवशी बहुधा तिथेच उभी राहते, आणि त्या फटीत तिला फक्त ६ अ आणि सुटीबंदीच लागू होते.

कोपरीकर

ठीक. रविवारी टेप घेऊन जातो. दुसरं टोक धरायला कुणी येणार असेल तर इथेच सांगा.